कागद राखणारे मूर्ती सार

मूर्ती सार (तमिळमध्ये 'सर'चं 'सार' होतं) ऑटोवाल्याला कुठे जायचं ते सांगत नाहीत. आत बसतात, फायलींची बॅग मांडीवर घेतात आणि म्हणतात, "नेरा पो." म्हणजे सरळ चल. सिग्नल आला की डावीकडे, मग पुन्हा सरळ. आता चेन्नईचा ऑटोवाला हा काही मुकाट्याने सोसणाऱ्यांतला नव्हे. तो विचारतो, जायचं तरी कुठे, भाडं कशावरून सांगू? त्यावर सारांचं उत्तर ठरलेलं: "तेवै इल्लै." गरज नाही. एकदा मी त्यांच्याबरोबर ग्राहक आयोगात चालले होते. अर्ध्या वाटेत ऑटोवाल्याने गाडी कडेला घेतली आणि अदबीने विचारलं, सार पोलिसांतले आहेत का, कारण तसं असेल तर मेहुण्याचं एक काम होतं. सारांनी त्याचंही उत्तर दिलं नाही. मात्र उरलेल्या वाटेत त्याने सगळे खड्डे चुकवले आणि भाडंही वाजवी घेतलं.

मी मूळची मिरजेची. लग्नानंतर चेन्नईत आले आणि वकिलीची पदवी गंजू नये म्हणून एका कंपनीच्या कायदा विभागात लागले. कंपनी कपडे धुण्याची मशिनं बनवते. कारखाना ओरगडमला, मोठमोठ्या गाड्यांच्या कारखान्यांच्या मध्ये चेपून बसलेला. आमचा विभाग मात्र अण्णा नगरात, एका डोशाच्या हॉटेलच्या डोक्यावर. त्यामुळे आमच्या प्रत्येक करारपत्राला सांबाराचा वास येतो. या विभागाच्या कागदपत्रांच्या खोलीचे राखणदार म्हणजे मूर्ती सार. नोकरीतून ते कधीच निवृत्त झालेत, पण कंपनी दरवर्षी त्यांना वर्षभराच्या करारावर ठेवून घेते. कारण कुठला कागद कुठल्या कपाटात आहे ते फक्त त्यांना ठाऊक, आणि ते सांगण्याची गरज त्यांना आजवर वाटलेली नाही.

अंगाने सडपातळ, कपाळावर बारीकसं गंध, बारा महिने पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि आवाज असा की समोरच्याला वाटावं आपल्याच कानात काही बिघाड आहे. "गुड मॉर्निंग"सुद्धा ते आजूबाजूला बघून म्हणतात. डबा खाताना झाकण उभं धरतात, भिंतीसारखं. आत काय आहे ते कुणाला दिसत नाही; वास मात्र लपत नाही, त्यामुळे सगळ्या ऑफिसला माहीत असतं की आज लिंबाचा भात आहे. पण तसं कुणी म्हणालं तर सार ना हो म्हणतात ना नाही. त्यांचा वाढदिवस कधी असतो हे ऑफिसातल्या मुलींनी परोपरीने काढून घ्यायचा प्रयत्न केला. शेवटी कंटाळून त्यांनी आपल्या मनानेच एक दिवस ठरवला आणि केक आणला. सारांनी गंभीरपणे केक कापला, सगळ्यांना वाटला आणि जाताना मला हळूच म्हणाले की आज नाही, पण ते कुणाला सांगायची गरज नाही.

कागद फाडण्याच्या यंत्रावर त्यांचा फार जीव. जुनी पाकिटं, कुरियरच्या पावत्या, हॉटेलवाल्याने वर पाठवलेलं नवीन मेन्यूकार्ड, जे हाती लागेल त्याच्या ते शेवया करतात. मेन्यूकार्डात गुप्त असं काय होतं, असं मी विचारलं, तर म्हणाले की आमच्या विभागाने काय मागवलं त्यावर पेनाने खुणा होत्या.

एका गोष्टीचा मात्र मला मनापासून राग होता. मिरजेहून आईचा फोन आला आणि मी मराठीत बोलायला लागले, की मूर्ती सार ताडकन उठायचे. कधी स्वतः बाहेर जायचे, कधी मला बोटाने जिन्याकडे जायला खुणावायचे. बाकीचे लोक तमिळमध्ये, तेलुगूत, मल्याळममध्ये खुशाल तासन्तास बोलत, त्याचं काही नाही. माझीच भाषा एवढी कानाला टोचते का, असं मला वाटायचं. मी जिन्यात उभं राहून आईला सासूबाईंच्या कागाळ्या सांगायची आणि त्यात एखादी मूर्ती सारांचीही घालायची.

अशात अंबुजा मॅडमची केस आली.

या बाई तांबरमच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षिका. त्यांनी आमचं मशीन घेतलं होतं. ते कपडे चांगले धुवायचं, पण पिळायला लागलं की चालायचं. न्हाणीघरातून निघून उंबऱ्यापर्यंत यायचं आणि वायर ताणली गेली की खुंटीला बांधलेल्या म्हशीसारखं धडका देत उभं राहायचं. वॉरंटी होती. कंपनीचा मेकॅनिक आला, त्याने बघितलं आणि कागदावर लिहून दिलं की मशीन ठीक आहे, घरातली जमीन वाकडी आहे, म्हणून वॉरंटी लागू नाही. बाई सरळ ग्राहक आयोगात गेल्या. वकील केला नाही, स्वतःच उभ्या राहिल्या. त्यांची मागणी अशी, की हे मशीन बाजारात आणण्यापूर्वी तुम्ही ज्या चाचण्या घेतल्या त्यांचे अहवाल मला बघू द्या.

आमच्याकडे भूकंप झाला. विभागाचे प्रमुख सुंदरेसन साहेब म्हणाले की हे अहवाल म्हणजे कंपनीचं गुपित आहे, स्पर्धकांच्या हाती लागले तर संपलंच. मी तसा अर्ज लिहिला. आयोगाने दोघांचंही ऐकलं आणि मधला मार्ग काढला: अहवाल बाईंना दाखवायचे, पण आमच्याच ऑफिसात, बंद खोलीत, कंपनीच्या एका माणसासमोर. फोटो नाही, नक्कल नाही, आणि जे वाचलं ते आयोगाबाहेर कुठे बोलणार नाही अशी लेखी हमी. ज्या मजकुराचा या तक्रारीशी संबंध नाही तो काळ्या शाईने झाकायची आम्हाला मुभा दिली.

ही मुभा मूर्ती सारांना देणं ही आमची चूक. त्यांनी दार लावून घेतलं आणि काळ्या मार्करची अख्खी पेटी संपवली. पानं बाहेर आली ती बघून मला गावाकडचा तवा आठवला. कंपनीचं नाव काळं, मशीनचं नाव काळं, पानाचा क्रमांकसुद्धा काळा. एका पानावर फक्त 'आणि' एवढा शब्द शिल्लक होता. आयोगाच्या अध्यक्ष बाईंनी तो अहवाल उजेडाकडे धरून पाहिला आणि कंपनी मशिनं बनवते की काजळ, असं विचारलं. मग मी आणि सारांनी बसून ते काम नव्याने केलं. एकेका ओळीसाठी ते माझ्याशी कुजबुजत भांडले.

बाईंच्या समोर बसायला माणूस कोण, हा प्रश्नच नव्हता.

अंबुजा मॅडम आल्या त्या सुती साडी नेसून, डोक्यात अबोलीचा गजरा माळून, हातात कॉफीचा थर्मास आणि भिंग घेऊन. हमीपत्र त्यांच्यापुढे ठेवलं. माझ्या अनुभवात हमीपत्र कुणी वाचत नाही, शेवटचं पान उलटून सही करतात. बाईंनी ते पहिल्या ओळीपासून वाचलं, एका कलमातलं इंग्रजी सुधारलं, सुधारणेवर माझी सही घेतली आणि मग आपली केली. मूर्ती सार हे सगळं दाराशी उभं राहून बघत होते. नंतर माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "ती बाई वाचून सही करते." असं कौतुक त्यांनी आजवर कुणाचंही केलेलं मी ऐकलं नव्हतं.

मग रोज बाई यायच्या, वाचायच्या, मधेच छताकडे बघत मनातल्या मनात आकडेमोड करायच्या. सार समोर हात बांधून बसायचे, पुतळ्यासारखे. बोलणं असं काही नाहीच.

एके दिवशी मी आणखी एक फाइल द्यायला त्या खोलीत गेले, तेव्हा बाईंचा फोन वाजला. पलीकडे बहुधा बहीण असावी. बाई आपल्या केसबद्दलच बोलायला लागल्या, आयोगापुढे काय मांडणार, कुठल्या क्रमाने मांडणार, आणि मी दारातच थबकले. कारण त्या बोलत होत्या ते तमिळच्या हेलात, मधे मधे तमिळ शब्द पेरून, पण ती मराठी होती. जुनी, कधीतरी कुणीतरी जपून ठेवलेल्या रेशमी वस्त्रासारखी मराठी. तंजावूरकडे शेकडो वर्षांपूर्वी गेलेली मराठी घरं आहेत, हे मला ऐकून माहीत होतं. त्यांचं बोलणं मात्र मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मला काय करावं सुचेना. वकील म्हणून मी तिथे उभं राहणं गैर, आणि कान तर बंद होत नाहीत. तेवढ्यात मूर्ती सार उठले, अदबीने थोडे वाकले आणि म्हणाले, "अम्मा, तुम्ही बोलतां तें मला कळतें. ह्या मॅडमलाही कळतें. बाहेर जाऊन बोला कीं."

बाईंनी फोन खाली घेतला. आधी सारांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा सारांकडे. "आपले लोक कीं?" त्यांनी विचारलं.

सारांनी होकाराची मान हलवली. बाई बाहेर जिन्यात गेल्या. फोन संपवून परत आल्या आणि पुन्हा भिंग हातात घेऊन वाचायला बसल्या.

मी फाइल टेबलावर ठेवून बाहेर आले. इतकी वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसलेला हा माणूस मराठी होता. त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना गाठलं आणि हे मला का सांगितलं नाही, असं जरा चिडूनच विचारलं. त्यांनी नेहमीप्रमाणे आजूबाजूला बघितलं. मग हळूहळू सांगितलं ते असं, की तरुणपणी त्यांच्या पहिल्या नोकरीत पुण्याचे एक अधिकारी आले होते. मूर्ती मोठ्या आनंदाने त्यांच्याशी घरच्या मराठीत बोलायला गेले. ते गृहस्थ एवढे हसले, की चार लोकांना बोलावून पुन्हा बोलायला लावलं. त्यानंतर मूर्तींनी ती भाषा घराबाहेर काढली नाही. आणि माझ्या फोनचं म्हणाल, तर मुलगी आपल्या आईशी बोलते ते आपल्याला कळतंय आणि तिला ते माहीत नाही, हे त्यांना चोरीसारखं वाटायचं. म्हणून उठून जायचे. मला जिना दाखवायचे तेही म्हणूनच.

माझ्या सासूबाईंबद्दल त्यांना किती माहिती आहे हे विचारायचा धीर मला झाला नाही.

पण ही भाषेची गोष्ट सुंदरेसन साहेबांच्या कानावर गेलीच. खोलीबाहेरच्या टेबलावरच्या कुणीतरी सांगितलं असावं. साहेब वाईट माणूस नाहीत, पण केस हरण्याची त्यांना भीती वाटते आणि भीतीत माणसाला नाही ते सुचतं. त्यांनी सारांना केबिनमध्ये बोलावलं. मीही होते. साहेबांनी गोड बोलून विचारलं की बाई कुठल्या पानांवर जास्त वेळ थांबतात, आणि फोनवर काय म्हणतात. तुम्हाला भाषा कळतेच आहे, तर जरा कान द्या. टेबलावर सारांच्या नव्या वर्षाच्या कराराचा कागद पडला होता, सहीविना. साहेबांनी बोलता बोलता तो सहज उचलला आणि परत ठेवला.

मूर्ती सारांनी तो कागद पाहिला. मग त्यांच्या त्या पुटपुटण्यात म्हणाले, "सार, आयोगाने मला कागद राखायला बसवलंय. बाईंना राखायला नाही."

साहेबांना ते नीट ऐकू आलं नसावं, किंवा विश्वास बसला नसावा. त्यांनी पुन्हा विचारलं. आणि मूर्ती सारांनी तेच वाक्य पुन्हा, या खेपेला पूर्ण आवाजात म्हटलं. बाहेर टायपिंग थांबलं. मी साहेबांना सांगितलं की सारांचं बरोबर आहे, आणि असलं काही आयोगाच्या कानावर गेलं तर मशीन राहील बाजूला, आपणच उंबऱ्यापर्यंत चालत जाऊ. साहेबांनी आम्हा दोघांना जायला सांगितलं. कराराच्या कागदावर सही मात्र झाली नाही. त्यानंतर सार आपल्या खोलीतली कपाटं एकेक करून आवरायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, धूळ फार साचली होती.

सुनावणीला अंबुजा मॅडमनी आपलं लेखी म्हणणं बंद पाकिटात दिलं. त्यात काय होतं ते मी सांगू शकत नाही, तशी मला बंदी आहे. एवढं सांगते की आमच्या बाजूने बोलायला फारसं काही उरलं नाही आणि साहेबांनी तिथल्या तिथे नवीन मशीन द्यायची तयारी दाखवली. पण बाई बसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मशीन मला दुसरीकडेही मिळेल. माझ्या यजमानांनी ती फरशी स्वतः उन्हात उभं राहून बसवून घेतली. ते गेले. आता तुमचा माणूस येऊन लिहितो की जमीन वाकडी आहे. ते आधी खोडा."

कोर्टात मी बरेच युक्तिवाद ऐकलेत. फरशीचा हा पहिलाच. आम्ही लिहून दिलं: बाईंच्या घराच्या जमिनीत कोणताही दोष नाही, मेकॅनिकचा शेरा मागे घेतला आहे. बाईंनी तो कागदही पूर्ण वाचला. मग अध्यक्षांना म्हणाल्या की एक गोष्ट नोंदवून घ्या, कंपनीच्या त्या खोलीत माझ्याशी सचोटीने वागलं गेलं. अध्यक्ष बाईंनी कंपनीचं कौतुक केलं. सुंदरेसन साहेबांनी ते दोन्ही हातांनी स्वीकारलं आणि ऑफिसात येताच सारांच्या करारावर सही केली, जणू आपलंच धोरण होतं. खरं सांगायचं तर त्या सहीचा मला झाला तेवढा आनंद स्वतःच्या बढतीचाही झाला नसता.

काही आठवडे गेले. एक दिवस दुपारी मूर्ती सार माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. कायद्याचा एक प्रश्न होता म्हणाले. कागद परत कपाटात गेले, आदेशाची पूर्तता झाली, प्रकरण बंद झालं. आता समोरच्या पक्षाच्या घरी कंपनीचा माणूस गेला तर चालेल का? मी म्हटलं, चालेल की, पण कशासाठी? त्यांनी 'तेवै इल्लै' म्हटलं नाही. बराच वेळ माझ्या टेबलावरचं पेपरवेट फिरवत राहिले. मग म्हणाले की तुम्हीही याल का, एकट्याने बरं दिसणार नाही.

रविवारी आम्ही तांबरमला गेलो. सारांनी केळी आणि मोगऱ्याची माळ घेतली होती. घर छोटं, स्वच्छ, दारात कोलमची रांगोळी. बाईंनी आम्हाला आधी न्हाणीघरात नेऊन नवीन मशीन दाखवलं. ते जागच्या जागी, शिकवलेल्या मुलासारखं उभं होतं. खालची फरशीही दाखवली. सारांनी खाली वाकून तिच्यावरून हात फिरवला आणि छान बसवली आहे म्हणाले. मग दोघं बोलायला लागले. कुठलं गाव, कुठलं घर, कोण कोणाचे कोण. सुरुवातीला सार शब्द चाचपत होते, माझ्याकडे चोरून बघत होते, मी हसते का म्हणून. मग विसरले. मला निम्मं कळत होतं, निम्मं नाही, पण ऐकायला गोड होतं.

बाई रांधायला आत गेल्या. आम्ही बाहेर बसलो होतो. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून त्यांनी हाक दिली, "बेगी या कीं, सारू निवतें."

म्हणजे लवकर या, भातावरचं सार थंड होतंय. मी उठले. मूर्ती सार उठले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तसेच बसून राहिले, दाराकडे बघत. बाईंनी पुन्हा हाक दिली तेव्हा उठले, आणि पानावर बसून जेवले. तीनदा सार मागून घेतलं.

परतताना स्टेशनवर गाडीला वेळ होता. बाकावर बसल्यावर त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मुलगा परदेशात, नातवंडं फोनवर इंग्रजी बोलतात. आमची भाषा घरात बोलणारं कुणी उरलं नाही. म्हणून संध्याकाळी घरी गेलं, दिवा लावला, की ते तिच्या फोटोशी बोलतात. आज काय झालं, साहेब काय म्हणाले, सगळं. कागदातलं नाही, हे त्यांनी घाईने मध्ये घातलं. आणि तिच्या वतीने उत्तरंही तेच देतात.

"माझं बोलणं मला येतं, मॅडम," ते म्हणाले. "तिचं बोलणं विसरायला लागलो होतो. बायकांचा हेल वेगळा असतो. ती हाक कशी मारायची, ते कितीतरी दिवस आठवत नव्हतं."

गाडी येत असल्याची घोषणा झाली. लोक पुढे सरकले, मीही बॅग घेऊन उभी राहिले. मूर्ती सार बाकावरच होते, डोळे मिटून, ओठ हलत होते. ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. बेगी या कीं. शेवटच्या शब्दाचा हेल आधी सरळ गेला, मग थोडा वर, मग त्यांना हवा तिथे.